खाच गेलेला बारीक स्क्रू: तो कशाने अडकला आहे हे आधी पाहावे

विश्रामबागकर (धागाकर्ता)

लॅपटॉप दुरुस्तीसाठी टेबलावर आला की मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ अनेकदा खाच गेलेला एखादा स्क्रूच खातो. घरी प्रयत्न करून झाल्यावर आणलेल्या उपकरणांत तर हे नेहमीचेच असते. आधी रबर लावून पाहिले, मग फेविक्विक लावले, मग मोठा स्क्रू ड्रायव्हर वरून ठोकला, असा क्रम लोक सांगतात. यांतील प्रत्येक उपाय कुठे ना कुठे लागू पडतो. पण कोणता कुठे लागू पडेल हे स्क्रू कशामुळे अडकला आहे यावर ठरते, आणि नेमके तेच पाहायचे राहून जाते. म्हणून युक्त्यांची आणखी एक यादी न देता कारणांपासून सुरुवात करणारा हा धागा काढत आहे. सांगली, मिरज, कुपवाड भागांत हे काम करणारे बरेच सदस्य येथे आहेत. त्यांनी आपापली भर घालावी.

खाच बहुतेक वेळा शेवटी जाते. त्याआधी स्क्रू कशाने तरी धरून ठेवलेला असतो, किंवा हातातले टोक त्या खाचेचे नसते. आपण टोकापासून सुरुवात करू.

आपल्याकडे दुकानात ज्याला सरसकट स्टार म्हणतात तो फुलीच्या खाचेचा स्क्रू म्हणजे फिलिप्स. हेन्री फिलिप्स यांना त्याची अमेरिकी पेटंटे १९३६ साली मिळाली. या खाचेच्या भिंती खाली निमुळत्या होत जातात, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर आपोआप मध्यावर बसतो, ही मोठी सोय झाली. मात्र पिळाचा जोर वाढला की त्याच उतरत्या भिंतींवरून टोक वर सरकते, खाचेच्या फक्त वरच्या कडांवर भार येतो आणि त्या पातळ कडा सोलल्या जातात. एकदा घसरले की पुढच्या वेळी घसरणे अधिक सोपे झालेले असते. म्हणूनच बारीक स्क्रू सोडवताना पिळण्यापेक्षा दाबण्याकडे जास्त जोर द्यावा, स्क्रू ड्रायव्हर काटकोनात उभा धरावा, आणि पहिल्यांदा घसरल्याबरोबर हात थांबवावा. पहिल्या आणि पाचव्या घसरण्याच्या दरम्यान जे धातू निघून जाते तेच पुढच्या सगळ्या उपायांचे भांडवल असते.

मापाचा गोंधळही फार आहे. फिलिप्सची मापे पीएच या अक्षरांनी लिहितात; शून्ये जितकी जास्त तितके टोक बारीक. मोबाईलच्या आतील स्क्रूंना बहुधा पीएच ०००, त्याहून थोड्या मोठ्यांना पीएच ००, लॅपटॉपच्या तळाच्या स्क्रूंना बहुधा पीएच ० आणि काहींना पीएच १ लागतो. घरात जो सर्वांत बारीक असतो तोच लोक सगळीकडे वापरतात, आणि तो खाचेच्या तळाला टेकून नुसता फिरतो. खाचेत बसू शकणारे सर्वांत मोठे टोक हेच योग्य टोक, असे मी शिकाऊ मुलांना सांगतो. जपानी कॅमेरे आणि जपानी यंत्रांत जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीची फुली असते. तिच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीकसा ठिपका कोरलेला असतो. दिसायला ती फिलिप्ससारखीच असली तरी फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्ण खाली जात नाही. उलट जेआयएसचे टोक फिलिप्सच्या खाचेत चांगले बसते, त्यामुळे एकच चांगला संच घ्यायचा असेल तर तो जेआयएसचा घेणे मला योग्य वाटते.

टोक बरोबर असूनही स्क्रू हलत नसेल तर तो कशाने धरला आहे ते पाहावे. कारखान्यात बऱ्याच स्क्रूंच्या आट्यांना निळा किंवा तसाच रंगीत लेप असतो. काही लेप नायलॉनचे असतात आणि ते फक्त घर्षण वाढवतात. काही ठिकाणी मात्र आटे पक्के करणारा द्रव वापरलेला असतो, जो हवा न मिळता धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. जांभळा सौम्य, निळा मध्यम आणि लाल कडक, अशी या द्रवांची सर्वसाधारण ओळख आहे. निळा हाताच्या अवजारांनी सुटतो. लाल सुटण्यासाठी कंपन्या सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सांगतात. अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचे स्वच्छ टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवून, लगेच योग्य स्क्रू ड्रायव्हरने दाबून फिरवले की जो स्क्रू मघाशी दगडासारखा होता तो सहज सुटतो. खाच अर्धी गेलेली असली तरी सुटतो, कारण आता लागणारा जोरच कमी झालेला असतो.

यात एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यावा. लॅपटॉपच्या प्लॅस्टिकच्या तळात स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये जात नाही. तिथे पितळेची छोटी आटेदार नळी बसवलेली असते. बहुतेक वेळा ती नळी तापवून, भोवतीचे प्लॅस्टिक मऊ करूनच आत दाबलेली असते. एबीएस प्लॅस्टिक साधारण १०५ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. म्हणजे ज्या उष्णतेने ती नळी बसली त्याच उष्णतेने ती निसटू शकते. म्हणून आयर्न थोडाच वेळ टेकवावे, काढावे, पुन्हा टेकवावे. स्क्रू तापावा पण उष्णता खाली पसरायला अवधी मिळू नये. धातूच्या चौकटीतल्या स्क्रूला ही भीती नाही, तिथे उलट चौकट उष्णता शोषून घेते म्हणून जास्त वेळ लागतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. यांतील काहीही करण्याआधी उपकरण बंद करावे आणि शक्य असेल तर बॅटरी वेगळी करावी. अडकलेल्या स्क्रूमुळे बॅटरीपर्यंत पोहोचता येत नसेल तर तिचा चार्ज पाव भागाच्या खाली जाऊ द्यावा आणि मगच काम सुरू करावे. लिथियम बॅटरीच्या जवळ तापवणे, ठोकणे किंवा धारदार टोकाने उचकटणे यांपैकी काहीही करू नये. घसरलेला स्क्रू ड्रायव्हर कुठे जाऊन थांबेल, हा विचार हाताने जोर लावण्याआधी झाला पाहिजे.

हरिपूर_रोड

अत्यंत उपयुक्त लेखन, धन्यवाद. माझी अडचण थोडी वेगळी आहे. लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी (माहिती साठवणारा भाग) घालायची आहे. जुनी, पट्टीसारखी एम.२ प्रकारची एसएसडी एकाच लहान स्क्रूने बोर्डाजवळ धरलेली आहे आणि त्या स्क्रूची खाच पूर्ण गोल झाली आहे. लॅपटॉप मी घेण्यापूर्वीच कोणीतरी तो उघडलेला होता. रबराचा तुकडा मध्ये ठेवून पाहिला, त्याने काही झाले नाही. त्याच्या खालीच मदरबोर्ड असल्यामुळे तापवण्याची किंवा कापण्याची भीती वाटते. काय करावे?

विश्रामबागकर

आपली भीती योग्य आहे. तिथे तापवू नये, कारण त्या स्क्रूखालचा लहान खांब अनेक लॅपटॉपमध्ये बोर्डालाच सोल्डर केलेला असतो. कापूही नये, कारण पोलादाचा चुरा बोर्डावर पडतो, आणि चिपच्या दोन शेजारच्या पायांमध्ये अडकलेला एक कण पुढे बोर्डच निकामी करू शकतो.

या स्क्रूत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. साधारणपणे तो एम २ मापाचा (२ मिलिमीटर व्यासाचा; एसएसडीच्या एम.२ या नावाशी याचा संबंध नाही), ३ मिलिमीटर लांबीचा असतो, फार घट्ट आवळलेला नसतो, आणि त्याचे चपटे डोके एसएसडीच्या पातळीच्या वर राहते. त्यामुळे खाचेचा नाद सोडून डोक्याची बाहेरची कड पकडता येते. त्यासाठी लहान साइड कटर घ्यावा, ज्याने आपण वायरी कापतो तोच, पण बारीक टोकाचा. त्याचे जबडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आडवे टेकवावेत, धार धातूत किंचित रुतेल इतकेच दाबावे, आणि घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडे वळवावे. पहिल्या पाव फेऱ्यात स्क्रू सैल झाला की पुढचे काम चिमट्याने होते. फार दाबले तर डोके तुटून येते, म्हणून कापण्याच्या जोराने दाबू नये. जपानमध्ये याच कामासाठी जबड्यांच्या आत उभे दाते असलेल्या पकडी बनवतात. नेहमी काम करणाऱ्याने तशी एक जवळ ठेवावी, पण एका स्क्रूसाठी ती विकत घेण्याची गरज नाही.

वळवताना स्क्रूबरोबर खालचा खांबही फिरत आहे का, इकडे लक्ष ठेवावे. काही लॅपटॉपमध्ये तो खांब स्वतः एका आट्यात बसवलेला असतो. तो फिरू लागला तर दुसऱ्या बारीक पकडीने तो धरून ठेवावा.

रबराबद्दल थोडे. रबर खाचेतील रिकामी जागा भरते आणि घर्षण वाढवते, एवढेच त्याचे काम आहे. कडा थोड्या शिल्लक असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा किंवा हातमोज्याचा तुकडा उपयोगी पडतो. खाच वाटीसारखी गोल झाली असेल तर रबराला धरायला काही उरलेले नसते. बारीक स्क्रूत जाड रबर घातले तर टोक उलट वर उचलले जाते.

सातारा_राजवाडा

मला एक मतभेद नोंदवायचा आहे. फेविक्विकचा उपाय आपण गाळला आहे असे दिसते, पण मोबाईलच्या खालच्या दोन स्क्रूंसाठी तो मी यशस्वी होताना पाहिला आहे. आयफोनच्या चार्जिंगच्या छिद्राशेजारी जे पाच पाकळ्यांचे बारीक स्क्रू असतात, त्यांच्या पाकळ्या निघून गेल्यावर तिथे पकडायला दुसरे काहीच नसते, कारण डोके पूर्णपणे आत बुडालेले असते. आपण सुचवलेला साइड कटर तिथे पोहोचणार नाही. स्वस्त संचातील निकृष्ट टोकानेच त्या पाकळ्या जातात, हेही खरे आहे.

विश्रामबागकर

आपला मुद्दा मान्य आहे. बुडालेल्या डोक्याला बाहेरून पकडता येत नाही, त्यामुळे तिथे खाचेतूनच काम करावे लागते. तरी चिकटवण्याचा उपाय मी शेवटून दुसरा ठेवतो, त्याचे कारण असे की फेविक्विकमधले सायनोअ‍ॅक्रिलेट अत्यंत पातळ असते आणि ते बारीक फटीत स्वतःहून ओढले जाते. डोके आणि चौकट यांच्यामधल्या फटीत ते गेले तर आपण स्क्रू सोडवण्याऐवजी कायमचा चिकटवून बसतो. शिवाय त्याच्या वाफेने जवळच्या चकचकीत भागावर पांढरी झाक येते.

तरीही करायचेच असेल तर पातळ प्रकार टाळून जेलसारखा घट्ट प्रकार घ्यावा. आधी खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी, कारण तेलकट खाचेत काहीच चिकटत नाही. सुईच्या टोकावर घेतलेला अगदी छोटा थेंब स्क्रूवर न लावता टोकावर लावावा, टोक खाचेत बसवून ते पूर्ण घट्ट होईपर्यंत हलवू नये, आणि मग सावकाश वळवावे. दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी जास्त पक्का आणि कमी वाहणारा असतो. वेळ देता येत असेल तर तोच बरा. टोक नंतर अ‍ॅसिटोनने साफ होते, पण अ‍ॅसिटोन एबीएस प्लॅस्टिकला विरघळवते, त्यामुळे ते उपकरणापासून दूर नेऊनच साफ करावे.

त्याआधी मी आणखी एक उपाय करतो. पाकळ्या किंवा फुली गोल झालेल्या छिद्रात किंचित मोठे टॉर्क्सचे, म्हणजे सहा धारांचे, टोक दाबून बसवायचे. पीएच ० गेलेल्या डोक्यात टी ५ किंवा टी ६, माप पाहून. टॉर्क्सच्या भिंती उभ्या असतात, त्यामुळे एकदा त्याच्या सहा धारा गोल छिद्राच्या भिंतीत रुतल्या की ते टोक वर सरकत नाही. धातूच्या चौकटीत हलका टोला देऊन ते बसवता येते. बोर्डावर, काचेजवळ किंवा बॅटरीवर टोला देऊ नये. तिथे फक्त हाताचा दाब द्यावा. त्यासाठी टोक चांगल्या कडक पोलादाचे असावे लागते. मऊ टोक स्वतःच मुरगळते आणि मग स्क्रूपेक्षा मोठी अडचण छिद्रात अडकून बसते.

मिरजवाली

माझ्या सासूबाईंचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र बरेच दिवस बंद पडून होते. सेल आतच राहिले आणि फुटले. झाकण उघडले तर स्प्रिंगा हिरव्या-पांढऱ्या झाल्या आहेत, आणि मागच्या बाजूचे बारीक स्क्रू सोडवू गेले तर त्यांतील दोन गंजलेले आहेत. त्यांची फुली आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. यंत्र चांगल्या प्रतीचे आहे, टाकून द्यावेसे वाटत नाही.

विश्रामबागकर

ताई, तुमच्या यंत्रातील स्क्रूंची खाच कदाचित गेलेलीच नाही, ती भरलेली आहे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे पांढरे खरखरीत पीठ होते. ते आणि गंज मिळून फुली बुजते. हातमोजे घालून, जुन्या दातांच्या ब्रशला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस किंचित लावून तेवढीच जागा घासावी. अल्कली असल्यामुळे सौम्य आम्लाने ती मारली जाते, थोडा फेस येतो. मग ओलसर कापडाने आम्ल पुसून घ्यावे आणि शेवटी अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे. यंत्र पाण्याखाली धरू नये, कारण आत हवेची नळी, पंप आणि दाब मोजणारा भाग असतो.

त्यानंतर शिवणकामाची सुई घेऊन फुलीच्या चारही हातांतील मळ खरवडून काढावा. सुई मध्यापासून बाहेर ओढावी. प्रत्येक हातातून तपकिरी भुकटीची बारीक रेघ निघेल आणि खाली धातूची चकाकी दिसू लागेल. हे काम कंटाळवाणे आहे, पण यातच निम्म्याहून अधिक यश आहे. टोक खाचेच्या तळाला टेकले पाहिजे, आणि मळ असेल तर ते टेकतच नाही. खाच स्वच्छ झाल्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा सुईच्या टोकाइतका थेंब स्क्रूच्या कडेला सोडून रात्रभर ठेवावे. थेट डब्यातून फवारा मारू नये. असे तेल काही प्लॅस्टिकना तडे पाडते, आणि ते बटणांच्या खाली गेले तर बटणे चिकट होतात.

दुसऱ्या दिवशी स्क्रू सोडवण्याच्या दिशेने एकदम जोर न लावता आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा आणि मग उलट. गंजाचा थर एखाद्या दिशेला तडकला की पुढे सोपे जाते.

गंजाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण आपल्या गावात हा प्रश्न इतर गावांपेक्षा अधिक आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णेचे पाणी ज्या घरांत आणि दुकानांत शिरले तिथली उपकरणे नंतर धुऊन वाळवून माळ्यावर ठेवली गेली, आणि ती आजही दुरुस्तीला येतात. अशा उपकरणांत आट्यांच्या आत बारीक गाळ असतो. शिवाय पोलादी स्क्रू पितळेच्या नळीत असतो, आणि ओलावा मिळाला की दोन वेगवेगळ्या धातूंच्या जोडीत पोलादाचा गंज वेगाने वाढतो. त्यामुळे वरून साधारण दिसणारा स्क्रूही आत खाल्लेला असू शकतो, आणि जोर लावला तर डोके तुटून हातात येते. पुरातून गेलेल्या उपकरणाच्या बाबतीत तेल, थांबणे, थोडी उष्णता, पुन्हा थांबणे, हा क्रम मी कधीही तोडत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी चालेल.

कुपवाड_लेथ

मी एमआयडीसीत लेथवर काम करतो, उपकरणे माझा विषय नाही. पण तुटलेले आणि गोल झालेले बोल्ट काढणे हे आमचे रोजचे काम आहे. ड्रिलिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

लहान स्क्रूवर विजेची ड्रिल मशीन लावू नये. हातात धरलेल्या मशीनला एवढ्या बारीक कामात स्थिरता नसते, बिट घसरते आणि शेजारचे काहीतरी फोडते. त्याऐवजी पिन व्हाइस घ्यावा. तो म्हणजे बारीक बिट धरणारी, बोटांनी फिरवायची छोटी मूठ. आधी डोक्याच्या मध्यावर सेंटर पंचने खूण करावी; खूण मध्यावर नसेल तर पुढचे सगळे वाकडे जाते. फुलीचा मध्य आधीच खोल असतो, ही इथे सोय आहे. एम २ स्क्रूचे बाहेरचे माप २ मिलिमीटर असते, म्हणून २ मिलिमीटरच्या बिटने फक्त डोक्याच्या जाडीएवढे खोदले की डोके कड्यासारखे सुटून येते. मग झाकण उचलता येते आणि मागे खांबातून वर आलेला स्क्रूचा दांडा दिसतो. डोक्याचा ताण निघून गेलेला असल्यामुळे तो दांडा पुष्कळदा बोटांनीच फिरतो. फिरला नाही तर बारीक पकडीने धरावा.

एवढ्या बारीक स्क्रूत उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (छिद्रात उलटा पिळून अडकलेला स्क्रू बाहेर काढायचे अवजार) वापरण्याच्या फंदात पडू नये. एम २ च्या दांड्याचा आट्यांच्या आतला भाग दीड मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यात छिद्र पाडून त्यात आणखी बारीक, ठिसूळ एक्स्ट्रॅक्टर पिळला की तो तुटतो, आणि तो स्क्रूपेक्षा कडक असल्यामुळे पुढे ड्रिलसुद्धा चालत नाही. मोठ्या जॉबमध्ये असे तुकडे आम्ही स्पार्क इरोजन मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे यंत्र) जाळून काढतो, पण लॅपटॉपची चौकट कोणी त्यासाठी आणू नये. एक्स्ट्रॅक्टरऐवजी डाव्या फिरकीची ड्रिल बिट मिळाली तर घ्यावी. ती सोडवण्याच्याच दिशेने कापते, आणि बऱ्याचदा छिद्र पूर्ण होण्याआधीच स्क्रू तिच्याबरोबर वर येतो.

चुऱ्याची व्यवस्था आधी करावी. छिद्राभोवती चिकटपट्टी लावावी, बाकी भाग झाकावा, उपकरण शक्य तर उलटे धरून खालून काम करावे, म्हणजे चुरा बाहेर पडेल. मॅग्नेटवर कागद गुंडाळून शेवटी सगळीकडे फिरवावा. ॲल्युमिनियमचा आणि पितळेचा चुरा मॅग्नेटला येत नाही, तो ब्रशने आणि चिकटपट्टीनेच उचलावा लागतो.

विश्रामबागकर

दादा, फार मोलाची माहिती. डोके कापून दांडा नंतर काढणे हा खरोखर सर्वांत खात्रीचा मार्ग आहे आणि लोक त्याला विनाकारण घाबरतात. एक पुस्ती जोडतो. डोके वर उभे असेल आणि स्क्रू जस्ताचा मुलामा असलेला पोलादी असेल तर डोक्यावर तांब्याच्या जाड वायरीचा तुकडा किंवा लहान नट सोल्डर करून त्यालाच हँडल बनवता येते. डोके आधी कानशीने किंचित घासावे आणि फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा पदार्थ) भरपूर लावावा. स्टेनलेस स्टीलला साधे सोल्डर धरत नाही, तिथे हा प्रयत्न करू नये. या उपायात तापवणे आणि पकड देणे ही दोन्ही कामे एकदम होतात, त्यामुळे द्रवाने पक्क्या झालेल्या आट्यांसाठी तो मला फार आवडतो.

सातारा_राजवाडा

एक शंका आहे. कधी कधी खाच चांगली असते, स्क्रू फिरतोही, पण वर येत नाही, नुसता फिरतच राहतो. त्यालाही हाच उपाय का?

विश्रामबागकर

नाही, तो वेगळाच प्रकार आहे. तिथे खाचेला दोष नसून खाली पितळेची नळीच प्लॅस्टिकमध्ये फिरू लागलेली असते, किंवा प्लॅस्टिकमधले आटे गेलेले असतात. दाबून फिरवले तर काहीच होणार नाही, उलट नळी आणखी सैल होईल. झाकणाच्या फटीत पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून झाकण वर ओढून धरावे, म्हणजे स्क्रूवर वरच्या दिशेने ताण येईल, आणि त्या ताणातच हळू फिरवावे. ताणामुळे नळी प्लॅस्टिकला घासून धरली जाते आणि आटे सुटू लागतात. तरीही नाही आला तर दादांच्या पद्धतीने डोके कापावे. नळी नंतर इपॉक्सीने पुन्हा बसवता येते. बसवताना तिच्यात तेल लावलेला स्क्रू घालून ठेवावा, म्हणजे आट्यांत इपॉक्सी जाणार नाही.

घड्याळजी

मी घड्याळांची दुरुस्ती करतो. आमच्या व्यवसायातील एक जुनी पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. पितळेच्या पट्टीत पोलादी स्क्रू तुटला आणि पकडायला काहीच उरले नाही, तर ती पट्टी तुरटीच्या गरम, संपृक्त द्रावणात ठेवतात. तुरटी पोलाद हळूहळू खाते, पितळेला धक्का लावत नाही. स्क्रूच्या जागी आधी बारीक बुडबुडे दिसू लागतात, मग काळा चिखल जमतो, आणि शेवटी आटे शाबूत राहिलेले रिकामे छिद्र उरते. वेळ लागतो, द्रावण गरम ठेवावे लागते आणि मधून मधून बदलावे लागते.

मात्र त्यात पूर्णपणे सुटी केलेली पितळेची वस्तूच घालावी. तिच्यावर दुसरा कोणताही पोलादी भाग राहिला असेल तर तोही जाईल. ॲल्युमिनियमसाठी, मुलामा असलेल्या भागासाठी किंवा सर्किट बोर्डासाठी ही पद्धत नाही. जुन्या कॅमेऱ्यातील किंवा मापन यंत्रातील पितळेचा सांगाडा असेल तर जरूर करून पाहावी.

हरिपूर_रोड

साइड कटरने स्क्रू निघाला. आपण सांगितल्याप्रमाणे डोक्याची कड पकडून थोडे वळवले, खांब फिरला नाही, आणि पुढे चिमट्याने तो वर आला. डोक्याच्या कडेवर दोन दातांच्या खुणा उमटल्या आहेत, त्यामुळे तोच स्क्रू पुन्हा लावणे बरोबर वाटत नाही. नवा कुठे मिळेल, आणि लावताना काय पाहावे?

विश्रामबागकर

आनंद झाला. तो स्क्रू पुन्हा लावू नये, हे अगदी बरोबर. लॅपटॉप दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात भंगार लॅपटॉपमधून काढलेल्या स्क्रूंचा डबा असतो, तिथे विनंती केली तर एखादा मिळून जातो. अन्यथा एम २ आणि एम २.५ चे मिश्र डबे ऑनलाइन मिळतात. आपल्याला हवा तो एम २, ३ मिलिमीटर लांबीचा, चपट्या रुंद डोक्याचा.

लांबीबाबत काटेकोर राहावे. लांब स्क्रू आखूड छिद्रात गेला तर तो खाली बोर्डावर टेकतो आणि आतल्या तारा तोडतो. मोबाईलमध्ये या एका चुकीने चांगले बोर्ड गेलेले आहेत. म्हणून उपकरण उघडताना कागदावर त्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. व्यास आणि आटे जुळतात का हे पाहण्यासाठी नवा स्क्रू आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे आत गेला पाहिजे. जात नसेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

प्लॅस्टिकमध्ये थेट जाणारा स्क्रू असेल, जसा ताईंच्या यंत्रात असण्याची शक्यता आहे, तर तो छिद्रात ठेवून आधी उलट दिशेने सावकाश फिरवावा. जुन्या आट्यांचे तोंड आले की स्क्रू किंचित खाली पडल्याचे बोटांना जाणवते, आणि मग सरळ फिरवावे. असे केले नाही तर तो प्रत्येक वेळी नवे आटे पाडतो आणि काही वेळांनंतर छिद्रच मोठे होते. एसएसडीच्या स्क्रूला कोणताही द्रव लावू नये. डोके टेकल्यावर बोटांनी फिरवलेला थोडासा पीळ तिथे पुरेसा आहे.

मिरजवाली

माझ्या यंत्रातील एक स्क्रू सुईने साफ केल्यावर साध्या पीएच ० ने निघाला. दुसरा अजून तेलात आहे, उद्या पाहते. प्लॅस्टिकमधला स्क्रू उलट फिरवून बसवण्याची गोष्ट मला माहीत नव्हती, परत लावताना तसेच करीन. स्प्रिंगांवरचा हिरवा थर ब्रशने निघत नाही, त्यासाठी काही वेगळे करावे लागेल का?

विश्रामबागकर

ताई, काचकागदाचा अगदी बारीक तुकडा किंवा जुनी नखांची कानस घेऊन सेल जिथे टेकतो तेवढीच जागा धातू दिसेपर्यंत घासावी, बाकी थर राहिला तरी चालेल. घासल्यावर अल्कोहोलने पुसावे. स्प्रिंग हाताने दाबल्यावर तुटली किंवा तिच्या मुळाशी काळी पडून पातळ झाली असेल तर ती बदलावी लागेल. तशा स्प्रिंगा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. दुसरा स्क्रू उद्याही हलला नाही तर जोर लावू नये, त्याचा जवळून काढलेला फोटो येथे टाकावा.